आयबीएम आयवर काम मिळालेल्या लेकीस

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

"आई, मला मेलेल्या मशीनवर बसवलंय," असं तू फोनवर म्हणालीस. माझी अख्खी नोकरी त्याच मशीनवर गेली, तेव्हा झोंबलंच. पण मुळात ते खरं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मशीन जुनं आहे हे मान्य. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या लॅबमध्ये घडलेलं आयबीएमचं हे मशीन, कंपन्यांचे रोजचे व्यवहार सांभाळणारं, जून १९८८ मध्ये एएस/४०० या नावानं जाहीर झालं. पुढे आयसिरीज, सिस्टीम आय अशी नावं बदलत गेली (या नामांतरांनी गिऱ्हाइकांचा फार गोंधळ केला, असं माझं स्पष्ट मत). २००८ मध्ये त्याचं वेगळं हार्डवेअरच बंद झालं, आयबीएमच्याच युनिक्स सर्व्हरांबरोबर ते पॉवर सिस्टीम्स या एकाच सर्व्हर-मालिकेत मिसळलं, आणि आयबीएम आय ही ऑपरेटिंग सिस्टीम तेवढी उरली. तेव्हा अनेकांनी श्रद्धांजली वाहून टाकली. पण धंद्याच्या नजरेनं बघ. प्रोसेसर बनवण्याचा अफाट खर्च एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स) आणि लिनक्सच्या गिऱ्हाइकांतही वाटला गेला. एकट्या आयबीएम आयला तो पेलवला नसता. त्या निर्णयामुळेच ते तगलं, असं मला वाटतं.

या सिस्टीमची कमाई आयबीएम वेगळी सांगत नाही, म्हणून मी आवृत्त्या बघते. ७.१ आली २०१० मध्ये, ७.३ २०१६ मध्ये, ७.५ २०२२ मध्ये, आणि ७.६ आली २०२५ मध्ये. त्याच वर्षी पॉवर११ प्रोसेसरही आला. ज्या मालातून हात काढून घ्यायचा, त्यावर कुठलीही कंपनी इतकी वर्षं इंजिनियर बसवून ठेवत नाही.

गिऱ्हाईक का टिकलं, तेही समजून घे. १९९५ मध्ये या मशीननं ४८ बिटांवरून ६४ बिटांच्या पॉवरपीसी प्रोसेसरवर उडी घेतली. प्रोग्राम इथे थेट हार्डवेअरशी बोलत नाही, मधल्या एका थराशी बोलतो. त्यामुळे जुना प्रोग्राम, त्यातली आतली माहिती कुणी काढून टाकलेली नसेल तर, सोर्स हरवला असला तरी नव्या मशीनवर चाले. त्याचं नव्या प्रोसेसरसाठीचं रूप मशीन स्वतःच तयार करून घेई. शिवाय डीबी२ हा डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टीममध्येच असल्यानं मध्यम आकाराच्या कंपनीला डेटाबेससाठी वेगळा माणूस ठेवावा लागत नाही. ऑर्डर एंट्रीवाल्या बाईंना एकदा काम करताना बघ. नजर कागदावर, बोट फील्ड एक्झिटच्या कळीवर, एफ३ दाबून बाहेर. माउसला हात लावेपर्यंत त्यांची पुढची ऑर्डर निम्मी भरून झालेली असते.

दुखणं आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी आहे. नवं गिऱ्हाईक फारसं येत नाही. लायसन्स एकदा विकत घेऊन टाकायचे दिवस सरत चाललेत, सबस्क्रिप्शन आलंय, आणि एकाच कोअरवर भागवणाऱ्या छोट्या कंपनीला दरवर्षीचा तो खर्च डोळ्यांवर येतो. सगळ्यात मोठी काळजी माणसांची. या मशीनच्या आरपीजी भाषेतल्या तीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामात इंडिकेटर ४२ (नुसत्या आकड्यानं ओळखायची चालू-बंद खूण) चालू झाला की सूट का बदलते, हे ज्याला ठाऊक होतं तो निवृत्त झालेला असतो. लिहून कुणी ठेवलेलं नसतं. मग मॅनेजमेंट सिस्टीमलाच जुनाट ठरवते आणि दुसरीकडे निघून जाते. अशी तुटलेली गिऱ्हाइकं परत येताना मी पाहिली नाहीत.

तेव्हा राजीनाम्याचं मनात आणण्याआधी ऑफिसात एवढं विचार: आवृत्ती कुठली चालते? ७.३ चा नेहमीचा सपोर्ट २०२३ मध्येच संपला. अजून तिथेच किंवा त्याच्याही मागे असतील, तर तुमच्याच कंपनीनं हयगय केली आहे, आणि तू दुसरीकडे बघायला लागलीस तर मी अडवणार नाही. ७.५ वर असतील, नवा कोड फ्री फॉरमॅट (ठरावीक रकान्यांचं बंधन नसलेल्या) आरपीजीत आणि एसक्यूएलमध्ये लिहीत असतील, व्हीएस कोडसारखा आजचा एडिटर वापरू देत असतील, तर नेटानं शीक. आणि तो इंडिकेटरवाला कोड ज्यांना कळतो ते कुणी अजून नोकरीत असतील, तर त्यांच्या शेजारची खुर्ची माग.

उत्तरं मिळाली की कळव.

तुझी,
आई