दार उघडणारा गोलकीपर

प्रिय ईशान,

अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तू म्हणालास, "आई, पंधरा सामने झाले, त्यातला मी एक खेळलो. बाकी वेळ बाकीचे आत-बाहेर करतात तेव्हा नुसतं बेंचचं दार उघडतो. सोडून देतो." आणि मी घाईघाईने तुला आपल्या ब्लूजच्या बिनिंग्टनची गोष्ट ऐकवली. चौथ्या नंबरचा गोलकीपर होता, सहा महिन्यांत स्टॅनली कप, बर्फावरच्या हॉकीतला सर्वांत मोठा कप, जिंकला, तुझाही नंबर येईल. तू "हो गं" म्हणालास आणि विषय बदललास. तो "हो गं" माझ्या कानातून जात नाहीये. म्हणून हे हाताने लिहितेय. तुला माझं अक्षर सावकाश वाचावं लागतं, तेच बरं.

गोष्ट खोटी नाही, पण ती तुझ्यासाठी नव्हती. त्या वर्षी आपल्या घरात जे बघितलं त्यातलं भलतंच तुला सांगितलं. आज नीट सांगते.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तू बारा वर्षांचा होतास. ब्लूज, आपल्या गावचा बर्फावरच्या हॉकीचा संघ, म्हणजे तुझ्यासाठी जगणं आणि माझ्यासाठी नुसता आरडाओरडा. सेंट लुईसला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली होती, पण पक, म्हणजे ती चेंडूऐवजीची काळी चकती, कुठे गेला हे मला टीव्हीवर कधी दिसायचंच नाही. तूच शिकवलंस, पकाकडे बघू नकोस, खेळाडूंचे खांदे कुठे वळतात ते बघ. मग दिसायला लागलं, आणि नेमकं तेव्हाच सगळं बिनसत गेलं. नोव्हेंबरच्या १९ तारखेला कोच माइक येओंना काढलं, क्रेग बेरुबी तात्पुरते कोच झाले. डिसेंबरमध्ये सरावातच बोर्टुझो आणि सॅनफर्ड यांची मारामारी झाली, आपल्याच संघातल्या दोघांची. तू तो व्हिडिओ मला दाखवलास आणि म्हणालास, "आता संपलं." ३ जानेवारीच्या सकाळी ब्लूज ३४ गुणांवर होते, लीगच्या ३१ संघांत सर्वांत शेवटी. तू तक्ता प्रिंट करून फ्रिजवर लावलास. मी म्हटलं, चांगलं काहीतरी लाव. तू म्हणालास, "नाही, हे रोज बघायचंय." तो कागद अजून माझ्याकडे आहे, वरणाचा डाग पडलेला.

७ जानेवारीला फिलाडेल्फियात जॉर्डन बिनिंग्टन पहिल्यांदा सुरुवातीपासून गोलात उभा राहिला. ३-० जिंकले, एकही गोल होऊ दिला नाही. पुढचं तुला पाठ आहे. जानेवारी-फेब्रुवारीत सलग ११ विजय, शेवटी ९९ गुण, प्लेऑफमध्ये, म्हणजे चार सामने आधी जिंकेल तो पुढे अशा बाद फेऱ्यांत, विनिपेग, डॅलस, सॅन होजे आणि मग फायनलला बॉस्टन. ५२ वर्षांच्या क्लबचा पहिला कप. १९६८, ६९, ७० या तीन वर्षांत फायनलला जाऊन एकही सामना न जिंकलेला हा संघ.

हे जग सांगतं आणि काल मीही सांगितलं. पण त्या वर्षी आपल्याकडे आबा आले होते, आठवतं? मार्चमध्ये आले, ऑगस्टला सांगलीला परत गेले. हॉकी म्हणजे त्यांच्यासाठी गवतावरची. बर्फावरचे हे अंगावर धावून जाणारे गडी त्यांनी जन्मात बघितले नव्हते. आठवडाभर ते गप्प बसून बघत राहिले. मग एका रात्री विचारलं, "तो टोपी घालून बसलाय तो कोण? सारखा दार उघडतोय."

तू मान न वळवता सांगितलंस, "तो जेक ॲलन. बॅकअप, राखीव गोलकीपर."

"म्हणजे बारावा गडी?"

"नाही आबा. तो पहिला होता."

आबांनी चष्मा काढून पुसला. "पहिला होता, आणि आता दार उघडतो?" त्या रात्रीपासून आबा बिनिंग्टनला बघेनात, ॲलनला बघायला लागले. कॅमेरा बेंचवर गेला की म्हणायचे, "थांब, थांब, तो दिसेल." त्यांच्यामुळे मीही बघायला लागले.

तुला माहीत आहे की ॲलन काही कुठून उचलून आणलेला पोरगा नव्हता. २००८ मध्ये नव्या पोरांच्या निवडीत ब्लूजनेच त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं होतं. वर्षं घालवून तो पहिल्या नंबरला आला. सीझन त्याच्याच नावावर सुरू झाला आणि तो बुडत होता तेव्हा लोकांनी सर्वांत जास्त शिव्या त्यालाच दिल्या. मग त्याच्या जागी आला कोण, तर २०११ साली तिसऱ्या फेरीत घेतलेला आणि आदल्या वर्षी ज्याला ठेवायला ब्लूजकडे स्वतःचा खालचा संघसुद्धा नव्हता असा मुलगा. बिनिंग्टन ते वर्ष प्रॉव्हिडन्सला खेळला होता, म्हणजे बॉस्टनच्याच खालच्या संघात. ज्यांच्या घरी राहिला त्यांनाच त्याने फायनलला हरवलं. यातच गोष्टीची सगळी चमक आहे, म्हणून लोक हीच सांगतात.

प्लेऑफचे २६ सामने झाले. २६ ही सामन्यांत सुरुवातीला गोलात बिनिंग्टन. ॲलन बेंचच्या टोकाला, डोक्यावर टोपी, अंगावर सगळे पॅड चढवलेले. ते पॅड किती जड आणि किती ओले होतात हे मी आपल्या बेसमेंटमध्ये पाहिलंय. तुझे दोन्ही पॅड आणि छातीचं चिलखत दोरीवर टाकायचे, खाली पंखा लावायचा, माझी आई गच्चीवर वाळवण घालायची तसं दर दोन तासांनी उलटायचं. खेळायचं नाही हे माहीत असताना ते रोज अंगावर चढवायचं. आणि तयार राहायचं, कारण पहिल्याला एक पक लागला की दोन मिनिटांत आत जावं लागतं. फायनलच्या तिसऱ्या सामन्यात तेच झालं. आपल्या गावात, ४९ वर्षांनी पहिल्यांदा फायनलचा सामना, आणि बिनिंग्टनवर पाच गोल. बेरुबींनी त्याला बाहेर बोलावलं. ॲलन उठला. टोपी काढली, हेल्मेट घातलं आणि गेला. सामना हातातून गेलेलाच होता, ७-२ हरले. दुसऱ्याच्या पडत्या काळात आत जायचं, तेही आता काही मिळणार नाही हे ठाऊक असताना. आबा उभे राहिले होते, तुला आठवतंय का? ढोपरं दुखत असताना उभे राहिले.

पुढच्या सामन्याला पुन्हा बिनिंग्टन आत, ॲलन बाहेर. ४-२ जिंकले.

आता तू म्हणशील की आईने बिनिंग्टनच्या गोष्टीऐवजी ॲलनची गोष्ट आणली, म्हणजे पुन्हा उपदेशच. तसं नाही रे. तू विचारतोस ना, याचा उपयोग काय, म्हणून जे डोळ्यांनी बघितलं ते सांगतेय. तूच मला सांगितलं होतंस की सराव संपला तरी बॅकअप शेवटपर्यंत बर्फावर थांबतो, कारण ज्यांना जास्त शॉट मारायचे असतात त्यांना समोर कोणीतरी हवं असतं. शेकडो पक अंगावर घ्यायचे आणि त्यातला एकही कुठल्या हिशेबात धरला जात नाही. आपल्या ओ'रायलीने फायनलच्या शेवटच्या चार सामन्यांत ओळीने गोल केले, सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस घेतलं. सराव संपल्यावरही थांबून राहणारा म्हणून तो प्रसिद्ध. त्याच्या समोर कोण उभं असायचं?

त्या अकरा विजयांतलेही काही सामने ॲलननेच जिंकून दिले होते, हेही लोक विसरतात. जागा गेल्यानंतर जिंकून दिले. मला ते कपापेक्षा मोठं वाटतं, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

त्या संघात असे आणखीही होते. अलेक्झांडर स्टीन, एके काळी पहिल्या लाइनमध्ये, म्हणजे पुढच्या फळीच्या सर्वांत भारी तिघांत, खेळणारा, चौथ्या लाइनला गेला आणि तिथे मान खाली घालून काम केलं. पॅट मरून, इथलाच मुलगा, आपल्या मुलाच्या जवळ राहता यावं म्हणून एका वर्षाच्या करारावर घरी आला. अर्धा सीझन त्याला काही जमत नव्हतं.

मरूनचं नाव आलं म्हणून एक गोष्ट कबूल करायची आहे. ७ मे, डॅलसविरुद्धचा सातवा सामना. १-१, पहिला ओव्हरटाइम, म्हणजे जादा वेळ, संपला. दुसऱ्या दिवशी तुझी गणिताची परीक्षा होती. मी टीव्ही बंद केला. तू काही बोलला नाहीस, जिना चढून गेलास. मी खाली भांडी लावत होते तेव्हा शेजारून आरोळी आली, मग रस्त्यावरून, मग गाड्यांचे हॉर्न. दुसऱ्या ओव्हरटाइमच्या सहाव्या मिनिटाला मरूनने गोल केला होता. आपल्या रॉबर्ट थॉमसचा शॉट गोलच्या खांबावर आपटून डॅलसचा गोलकीपर बेन बिशपच्या पाठीमागे पडला आणि मरूनने तो आत ढकलला. बिशपही सेंट लुईसमध्येच वाढलेला, त्या रात्री ५२ शॉट अडवून हरला. मी वर आले तर तू पलंगावर बसून खिडकीतून बाहेरचा आवाज ऐकत होतास. मी म्हटलं, "जिंकले." तू म्हणालास, "कळलं." एवढंच. मी चुकले, ईशान. परीक्षा पुन्हा आली असती. हे मी तुला कधी बोलले नाही, आज लिहिलं.

त्यानंतर मी एकही सामना बंद केला नाही. सॅन होजेविरुद्ध तिसऱ्या सामन्यात त्यांच्या मायरने हाताने पक पुढे ढकलला, रेफ्रींना दिसला नाही आणि त्यावर कार्लसनने ओव्हरटाइममध्ये गोल केला. तू उशी फेकलीस. "चीटिंग!" आबासुद्धा चिडले. नियमच असा होता की तो प्रसंग पुन्हा तपासता येत नव्हता. पुढच्या सीझनला नियम बदलला. पण ब्लूज त्यावर रडत बसले नाहीत, पुढचे तिन्ही सामने जिंकून मोकळे झाले. मला त्यांचा हा भाग फार आवडला.

आणि १२ जून. बॉस्टनमधला सातवा सामना. पहिल्या वीस मिनिटांत त्यांचे १२ शॉट, आपले फक्त ४, आणि तरी २-० आपण पुढे, दुसरा गोल आपला कॅप्टन पिएट्रँजेलोचा, आठ सेकंद उरलेले असताना. तिसऱ्या भागात बॉस्टनचा नॉर्डस्ट्रॉम अगदी तोंडावर आला आणि बिनिंग्टनने पाय ताणून पक अडवला. तो पाय तू गालिच्यावर पडून आम्हाला करून दाखवलास, चार वेळा. आज तू गोलकीपर आहेस तो त्या रात्रीपासून, असं मला वाटतं. ४-१. पिएट्रँजेलोने कप उचलला आणि बाउमीस्टरच्या हातात दिला, इतकी वर्षं खेळून ज्याला तो कधी मिळाला नव्हता. मग स्टीन. तुम्ही सगळे नाचत होतात. आबा मात्र टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसले होते, ॲलनची पाळी यायची वाट बघत.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, ॲलनला मॉन्ट्रियलच्या संघाला दिलं. आबांना फोनवर सांगितलं तर थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मी चार वर्षं तालमीच्या कबड्डी संघात राखीव होतो. मैदानाला पाणी मारायचो." मला हे माहीतच नव्हतं. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच सांगितलं, आणि तेही एका कॅनडाच्या माणसावरून. मी विचारलं, मग सोडलं का नाही? म्हणाले, "संध्याकाळी दुसरीकडे जावंसं वाटायचं नाही."

ईशान, मलाही तेवढंच विचारायचं आहे. संध्याकाळी रिंकवर जावंसं वाटतं का? सकाळी पाचला गार पॅड पायाला बांधताना अजून बरं वाटतं का? वाटत नसेल तर खरंच सोड. मी कोणाचीही गोष्ट सांगणार नाही आणि बाबाही काही म्हणणार नाहीत. पण पंधरातला एक या आकड्यासाठी सोडत असशील तर तो आकडा फ्रिजवरच्या कागदासारखा आहे. तो बघत तूच जेवायचास.

डिंकाचे लाडू करून ठेवलेत. स्केट्सना धार लावायची असेल तर सांग, इथला तो म्हातारा अजून तुझी चौकशी करतो.

शनिवारचा सामना आम्ही बघायला येतोय. बाबांनी रजा टाकली आहे, पहाटेच निघू. तू खेळणार नाहीस हे आम्हाला माहीत आहे. बेंचच्या दारासमोरच्या बाजूला जागा कुठे मिळते तेवढं कळव.

तुझी,
आई