बंदुकांच्या यादीत न मावणारी लढाई

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत गडचिरोलीतल्या नक्षलविरोधी लढाईवर पानभर मजकूर आला. डावीकडे पोलिसांची हत्यारं, उजवीकडे नक्षलवाद्यांची, मधे एकमेकींवर रोखलेल्या दोन रायफली. शेजारचा नववीतला मुलगा ते पान घेऊनच माझ्याकडे आला. "आजोबा, एके-४७ तर दोघांकडेही होती. मग फरक कशानं पडला?" प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर त्या पानावर नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी राज्य राखीव दलातून निवृत्त झालेला हवालदार. पुण्याहून आमची कंपनी तिकडे बंदोबस्ताला जायची, तसा मीही तीनदा गेलो.

दोन्हीकडची हत्यारं बरीचशी एकच होती, कारण नक्षलवाद्यांकडच्या कितीतरी रायफली पोलिसांच्याच होत्या, घात करून लुटलेल्या. थ्री-नॉट-थ्री, एसएलआर, इन्सास, एके. आपली बंदूक समोरून वाजते तेव्हा आवाजावरून शत्रू कोण आणि आपला कोण हेही कळत नाही. त्याखालोखाल त्यांच्याकडे बारा बोअर आणि भरमार. भरमार म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची, एक बार काढायचा, पुन्हा ठासायची. ती शिकारीची बंदूक, गावोगाव असायची. अलीकडच्या काळात त्यांनी स्वतः बनवलेले बीजीएल, म्हणजे नळीतून बॉम्बगोळे डागणारे लाँचर, आले. आपल्या लेखात हे सगळं आहे. पण ज्या हत्यारानं पोलिसांचा मोठा घात केला, त्या भूसुरुंगाला तिथं दोन ओळी मिळाल्या आहेत.

१ मे २०१९, महाराष्ट्र दिन. त्याआधीच्या रात्री कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली. तिकडे निघालेलं पथक खासगी गाडीतून जात होतं. जांभुळखेड्याजवळ गाडीखाली सुरुंग फुटला. १५ जवान आणि गाडीचा चालक गेला. जाळपोळ हे आमिष होतं. पोलिस येणार, घाईनं येणार, गाडीनं येणार आणि याच रस्त्यानं येणार, हा हिशेब आधी मांडलेला होता. अशा वेळी कोणत्या बनावटीची रायफल मांडीवर आहे यानं काय फरक पडतो?

म्हणून तिथला पहिला धडा असा की गाडीतून उतरा आणि चाला. गेलात त्या वाटेनं परत येऊ नका. कालच्या पाणवठ्यावर आज थांबू नका. जिथं जेवलात तिथं झोपू नका. कुठे बॅनर बांधलेला किंवा पत्रकं टाकलेली दिसली तर हात लावू नका, त्याच्याजवळ सुरुंग असू शकतो. ऐकायला सोपं वाटतं. पाठीवर सामान, हातात भरलेली एसएलआर पाच किलोच्या आसपास, एप्रिलचं ऊन, आणि चौकी तीन किलोमीटरवर दिसत असताना मुद्दाम आठ किलोमीटरचा वळसा घ्यायचा, हे करून बघावं लागतं. घात पुष्कळदा परतीच्या वाटेवर व्हायचा, कारण दमलेला माणूस जवळची वाट धरतो, हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

ऋतूही लढत असतो, हे पुण्यात बसून कळत नाही. फेब्रुवारीपासून पानगळ होते आणि जंगल आरपार दिसू लागतं. वाळल्या पानांवर पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो, आपला आणि त्यांचाही. नक्षलवाद्यांची मोठ्या हल्ल्यांची मोहीम दरवर्षी याच महिन्यांत, पावसाळा लागेपर्यंत चालायची. मग पाऊस. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि चौकीत आहे त्यावर दिवस काढायचे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. एका गस्तीत आमच्या पुढे सी-६० या नक्षलविरोधी पोलिस पथकाचा एक जवान चालत होता, तिथल्याच माडिया आदिवासींपैकी. बाटल्या सगळ्यांच्या रिकाम्या. समोर ओढ्यात स्वच्छ पाणी. त्यानं हात वर केला आणि आम्हाला तिथून सरळ मागे वळवलं. तासाभरानं दुसऱ्या झऱ्यावर पोचल्यावर एवढंच म्हणाला, "तिथं जनावराचं एकही पाऊल नव्हतं." भर उन्हाळ्यात पाणी असून जनावर येत नाही, म्हणजे माणूस बसलेला असणार. माझी नोकरी त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी जास्त होती. मला तिथं फक्त पाणी दिसलं होतं.

सी-६० हे पथक १९९० मध्ये तेव्हाचे पोलिस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी उभं केलं. जिल्ह्यातलेच ६० तरुण घेतले, म्हणून हे नाव. त्यांचं मोठेपण रायफलीत नव्हतं. ते गोंडी, माडिया बोलायचे. आम्ही बाहेरचे गावात शिरलो की म्हातारी माणसं दार लावून घ्यायची. आणि खरं सांगायचं तर आम्हीही प्रत्येकाकडे संशयानंच बघायचो, भाषा येत नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार? तो जवान 'येर' मागायचा तेव्हा म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची.

आपल्याकडे जंगलातल्या कुठल्याही लढाईला 'गनिमी कावा' म्हणायची सवय आहे, लेखातही तो शब्द तीनदा आला आहे. माझी त्याला मनापासून हरकत आहे. महाराजांच्या गनिमी काव्यामागे रयत होती आणि रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावायचा नाही ही ताकीद होती. इथं नक्षलवाद्यांचं दलम, म्हणजे सशस्त्र टोळी, रात्री गावात येऊन भात शिजवायला लावायचं, आणि 'पोलिसांचा खबरी' ठरवून त्याच गावातल्या माणसाला मारायचं. लपून वार करण्यात, छोट्या टोळीनं फिरण्यात, वाटा ओळखण्यात ते तरबेज होते, हे मी नाकारत नाही; आम्ही ते पाहिलं आहे. पण ज्या गावाच्या आधारावर अशी लढाई चालते, ते गावच त्यांनी हळूहळू गमावलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, तेव्हा टेबलांवर मांडलेल्या रायफलींचे फोटो सगळीकडे छापून आले. त्या रायफली निकामी झाल्या नव्हत्या. त्या धरायला नवी पोरं मिळेनाशी झाली होती.

तेव्हा विनंती ही की या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा त्या माडिया, गोंड जवानांना विचारून लिहा.

आणि नकाशातली एक दुरुस्ती छापा. २००९ या एका वर्षात १ फेब्रुवारीला मरकेगावला १५, २१ मे रोजी हत्तीगोट्याला १६ (त्यात पाच महिला पोलिस) आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीला १७ पोलिस मारले गेले. आपल्या नकाशात लाहेरी छत्तीसगडमध्ये दाखवली आहे. ती आपल्या भामरागड तालुक्यात आहे.

आपला,
एक निवृत्त हवालदार,
रामटेकडी, पुणे