सी-पेप्टाइडचा रिपोर्ट

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, काल तुम्ही म्हणालात, "एकदा सुई लागली की अंगाला सवय होते, मग शरीर स्वतःचं इन्शुलिन करायचंच सोडतं." फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

चाळीस वर्षं तुम्ही मागावर उभे राहिलात. चादरी एकाच ताण्यावर सलग विणत जायच्या आणि उतरवल्यावर कापायच्या, हे मी तुमच्याकडूनच पाहिलं. शरीरातले कितीतरी हार्मोन असेच होतात. स्वादुपिंडात आधी प्रोइन्शुलिन तयार होतं, 86 अमिनो आम्लांची एक अखंड साखळी. ती दुमडते, तिच्या दोन बाजूंना गंधकाचे टाके पडतात, आणि मग एन्झाइम नावाच्या कात्र्या मधला तुकडा कापून काढतात. उरतं ते 51 आम्लांचं इन्शुलिन. निघालेला 31 आम्लांचा तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. (तुम्ही बेरीज कराल म्हणून सांगते, चार आम्लं कापण्यात जातात.) शिकागोत डोनाल्ड स्टायनर यांना 1967 मध्ये हे सापडलं. मधला तुकडा नसता तर टाके योग्य जागी पडले नसते, म्हणून त्याला कातरण म्हणवत नाही मला.

एका इन्शुलिनमागे एक सी-पेप्टाइड, हिशेब चोख. सुईतल्या इन्शुलिनमध्ये मात्र ते नसतं, म्हणून त्या रिपोर्टात फक्त तुमच्या स्वतःच्या इन्शुलिनची मोजणी दिसते. बाबा, तुम्ही अजून एकही सुई घेतलेली नाही. साखर एवढी चढलेली असूनही सी-पेप्टाइड अगदी कमी आलंय. सुईनं माग बंद पडेल अशी भीती तुम्हाला वाटते, पण तो आधीच थकलाय.

आई, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतल्या शेंगापोळ्यांना तू दोष देत बसू नकोस. तू वाढलंस म्हणून हे झालेलं नाही. आणि एक नवल सांगते. प्रोग्लुकागॉन नावाची एकच साखळी स्वादुपिंडात कापली गेली की साखर वाढवणारं ग्लुकागॉन निघतं, आणि आतड्यात वेगळ्या जागी कापली गेली की इन्शुलिनला मदत करणारं जीएलपी-1. सूत तेच, कात्री कुठे लागली त्यावर सगळं.

शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येतेय. डॉक्टरांनी लिहून दिलेलं इन्शुलिनचं पेन आणून फ्रिजच्या दारात ठेव, बर्फाच्या कप्प्यात नको. रविवारी सकाळी पहिली सुई मीच टोचणार आहे, बाबा, तोवर नाही म्हणू नका.

तुमची,
धाकटी