वाड्यातले हेडसर

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या मंगळवेढ्याकडचे हेडसर येत्या ३१ मेला रिटायर होतायत. मोठ्या वतनदार घराण्यातले, एक टर्म झेडपी मेंबर पण होते, पण बी.एड. होतं आणि आधी शिकवलेलंही होतं म्हणून राजकारण सोडून परत शाळेत आले. वाड्यावरच्या लोकांना ते अजिबात पटलं नव्हतं बरं का! जानेवारी-फेब्रुवारीत ज्वारीची काढणी लागली की वर्गातली अर्धी पोरं गायब, मग सर सकाळीच गाडी काढून रानात जायचे, बांधावर उभं राहून आईबापाशी बोलायचे, आणि मला स्वतः त्यांनी हातात विळा असताना गाडीवर बसवून दहावीच्या सराव परीक्षेला नेलंय, अंगाला कडबा तसाच चिकटलेला.

आपल्या सांगोल्याशेजारचं आटपाडी औंध संस्थानात होतं, तिथल्या राजेसाहेबांनी १९३९ ला कारभार प्रजेच्या हाती दिला, शाळाशाळांत सूर्यनमस्कार नेले. त्याचं कौतुक आपण अजून करतो, मग आमच्या सरांबद्दल तुमच्या पेपरात चार ओळी तरी याव्यात, एवढी कळकळीची विनंती.

– एक माजी विद्यार्थी, सोलापूर