मानशीचे दार कोणासाठी उघडते?

महोदय,

गोव्यात जमीन रूपांतराची, म्हणजे शेतजमीन बांधकामाला मोकळी केल्याची, बातमी छापून आली की चहाच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पैसा कोणाला नको असतो?’ तिथेच विषय संपतो. हाव हा माणसाचा स्वभावच, त्याला कोण काय करणार! मला हे पटत नाही. पैसा मलाही हवा आहे. माझ्या जादा कमाईचे नुकसान कोणाच्या शेतात जाऊन पडते, हे बघायला हवे.

आम्हा तिसवाडीकरांना ते खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या भातशेतीत, दिसते. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. त्या दारावरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. ज्याची बोली मोठी, तो ओहोटीला जाळे लावतो. इथवर सगळे रीतसर. पण बोलीचे पैसे सुटून वर आणखी काही पडावे म्हणून भर पावसाळ्यात दारात फळी अडकवली, की भरतीबरोबर सुंगटे (कोळंबी), काळुंद्रे अशी मासळी भरभरून आत येतात आणि खारे पाणीही. कोरगुट भात खारेपणा सोसते म्हणून त्याने किती सोसावे? पाती टोकाकडून करपत जातात, बांध पायाशी पोखरला जातो. मासळी एकाची, पडीक शेत सगळ्या वाड्याचे. आणि शेत पडीक पडले की ‘इथे काही पिकत नाही, सेटलमेंट (वस्तीचा झोन) करून टाका’ म्हणणारे तयारच असतात.

गावची सामाईक जमीन सांभाळणारे जुने गांवकार संत नव्हते. भाटकारांनी (जमीनमालकांनी) आपल्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकारांना कसे वागवले, तेही घराघरांत ठाऊक आहे. पण दार कधी उघडायचे आणि बांध कोणी घालायचा, हे गांवकारांनी एकाच्या मर्जीवर सोडले नव्हते. माणूस हावरा होणार हे धरूनच तो बंदोबस्त होता.

खाणींच्या बाबतीत असा बंदोबस्त कागदावर होता. चीनमध्ये लोहखनिजाची मागणी वाढली, हलक्या प्रतीच्या मालालाही गिऱ्हाईक मिळाले, आणि 22 नोव्हेंबर 2007 रोजी लिझेस (खाणपट्ट्यांचे करार) संपूनही खोदाई थांबली नाही. 2012 मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, खाणी बंद झाल्या. 2007 नंतरचे ते खनन बेकायदा होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले. तरी 88 लिझांचे नूतनीकरण घाईघाईत उरकले गेले. 2018 मध्ये न्यायालयाने तेही रद्द केले. या सगळ्यात कर्ज काढून ट्रक घेतलेला डिचोली-सांग्याचा पोरगा हावरा होता का? मी तरी तसे म्हणणार नाही. दारात गंजत उभ्या राहिलेल्या ट्रकचे हप्ते मात्र त्याच्याच गळ्यात पडले. नफा वर गेला, हप्ते खाली राहिले.

आता पाळी शेतांची. नगर नियोजन कायद्यात 2023 मध्ये 17(2) हे कलम आले ते म्हणे प्रादेशिक आराखड्यात नजरचुकीने राहिलेल्या चुका सुधारायला. भातशेत भातशेत म्हणून दाखवले, ही चूक! त्याखालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. पण तोवर, 2024 मध्येच, एकेका जमिनीचा झोन बदलू देणारे 39अ हे कलम येऊन बसले होते. 2011 सालापर्यंतचा म्हणून केलेला प्रादेशिक आराखडा लोकांनी आंदोलन करून 2007 मध्ये मागे घ्यायला लावला, कारण सगळ्या गोव्याचा नकाशा एकदम समोर आला होता. एकेक भूखंड सुटा सुटा बदलला तर शेजारच्यालासुद्धा पत्ता लागत नाही.

म्हणून आपल्या दैनिकाकडे एक मागणी. रूपांतराच्या प्रस्तावांच्या सूचना निघतात त्या सर्व्हे क्रमांकात. आमच्यातल्या निम्म्या लोकांना स्वतःचा क्रमांक पाठ नसतो, शेताचे नाव मात्र आजीलाही ठाऊक असते. गाव, वाडा, शेताचे नाव, आजचा झोन आणि होऊ घातलेला झोन, एवढे साध्या मराठीत आठवड्यातून एकदा छापा. ग्रामसभेत ते कात्रण घेऊन उभे राहण्याचे काम आम्ही करू.

— एक खाजन शेतकरी, तिसवाडी