नातवाचं लशीचं कार्ड भरलेलं, आजोबांचं काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाऊस तोंडावर आलाय म्हणून हे पत्र. अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये फ्लूच्या इंजेक्शनचा विषय निघाला की प्रत्येकाचं उत्तर तयार असतं, आणि त्यातली बरीच उत्तरं चुकीची आहेत.

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते म्हणजे "इंजेक्शन घेतलं अन् त्यानंच मले फ्लू झाला". अहो, दंडात देतात त्या लशीत जिवंत विषाणू नसतोच, मग फ्लू होईल कसा? दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण वाटते, बस. पण लस अंगात लागू पडायला साधारण २ आठवडे जातात, त्या मधल्या दिवसांत घरातल्या कुणाकडून फ्लू लागला किंवा दुसराच एखादा सर्दीचा व्हायरस आला तर खापर फुटतं लशीवर.

दुसरं, "मागच्या साली घेतली ना, आता कायले?" फ्लूचा विषाणू सारखा रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत काय असावं ते नव्यानं ठरवते, शिवाय जुन्या डोसचा असरही काही महिन्यांत उतरतो. म्हणून दरवर्षी. २००९ चा स्वाइन फ्लू सगळ्यांना आठवत असेल, तो गेलेला नाही, त्याच एच१एन१ विरुद्धचा भाग या लशीत असतो. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि परत जानेवारी ते मार्चमध्ये, त्यामुळे पाऊस लागायच्या आधी घेतलेली बरी.

न्यूमोनियाची लस वेगळी, ती दरवर्षी नसते. ती न्यूमोकोकस नावाच्या जंतूवर आहे, सगळ्याच न्यूमोनियावर नाही, हे खरं. पण फ्लूनं छाती कमजोर झाली की हाच जंतू डाव साधतो, आणि तो रक्तात किंवा मेंदूपर्यंत गेला तर म्हाताऱ्या माणसाचं काही खरं नाही. १३, २०, २३ असे आकडे ऐकून लोक गोंधळतात, ते डोस नव्हेत, जंतूचे तेवढे प्रकार लशीत आहेत. आधी कोणती घेतली त्यावर पुढचं ठरतं, तेव्हा जुना कागद घेऊनच डॉक्टरकडे जा, आणि आधी कुठल्या लशीची जोरदार अ‍ॅलर्जी आली असेल तर तेही सांगा. दोन्ही लशी एकाच दिवशी, दोन दंडांत घेता येतात.

"मी रोज तळ्याला चक्कर मारतो, मला काय होते" म्हणणाऱ्यांनी एवढं ऐकावं की वय झालं की प्रतिकारशक्ती आपोआप उतरते, चालणारा असो की बसून राहणारा, आणि फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका कितीतरी पटीनं वाढतो. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण दवाखान्यात भरती व्हायची पाळी येण्याची शक्यता कमी होते, आणि आमच्या वयात तेच महत्त्वाचं.

नातवाच्या लशीची तारीख घरात सगळ्यांना पाठ असते. त्याला न्यूमोकोकसची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, २०२१ पासून तर देशभर. आजी-आजोबांना मात्र बहुतेक वेळा खिशातून पैसे मोजावे लागतात, आणि पेन्शनीवर ते जड जातं. महापालिकेनं आपल्या दवाखान्यांत निदान ६० च्या वरच्या आणि शुगर, दमा, हार्टवाल्या लोकांसाठी तरी या दोन लशींची सोय करावी, आणि आपल्या पेपरनं मे महिन्यातच एखाद्या छातीच्या डॉक्टरांकडून ही माहिती मोठ्या अक्षरात छापावी, चष्मा लावूनही बारीक वाचता येत नाही आम्हाला.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, प्रतापनगर, नागपूर