कानाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये नको

मा. संपादक,
देवणी, लाल कंधारी गुरे आणि उस्मानाबादी शेळ्यांच्या वंशतपासणीसाठी कानाच्या कडेचा तुकडा घेतात. तो फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवण्याच्या फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणात) ठेवला, की डीएनए प्रथिनांशी जखडतो आणि त्याचे तुकडे पडतात. कृपया ९५ टक्के इथेनॉल वापरा, ऊतीच्या किमान पाचपट. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर तुकडा गोठ्यातच त्यात बुडवा.

प्रयोगशाळेत २५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त ऊती घेऊ नका. इथेनॉल पूर्ण उडू द्या, कात्रीने बारीक करा. कूर्चा चिवट असते, म्हणून प्रोटिनेज-के (प्रथिने पचवणारे विकर) घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवा. सकाळी तुकडे दिसले तर आणखी २० मायक्रोलिटर घाला. घाई केली की डीएनए वेगळा करणारा कॉलम (गाळणनळी) तुंबलाच. केस असतील तर डीटीटी हे रसायनही हवे, नाहीतर केसांतले केराटिन हे प्रथिन विरघळत नाही.

— पशुजनुकशास्त्राचे अभ्यासक, परभणी